उशिराची नोंद

आयुष्यातली सर्वांत मोठी चूक करायला आपल्याला अर्धं मिनिट पुरलं, असं सत्यजित भिंगारदिवे सांगतात. त्यातलेही पंधरा सेकंद चप्पल शोधण्यात गेले.

ही गोष्ट मे १९९० मधली, लायबेरियातली. भिंगारदिवे तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. मूळचे अहमदनगरचे, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर, केमिस्ट्रीत एम.एस्सी. मिशनची जाहिरात वाचून १९८४ साली ते पत्नी प्रतिमा यांच्यासह पश्चिम आफ्रिकेतल्या या छोट्या देशात एका खेड्यातल्या शाळेवर विज्ञान शिकवायला गेले. प्रतिमाताईंना शेजारच्याच दवाखान्यात नर्सची नोकरी मिळाली. शाळेला लागून चर्च होतं. तिथले पाळक रेव्हरंड सुमो यांनी भिंगारदिव्यांचं फळ्यावरचं अक्षर पाहिलं आणि पहिल्याच महिन्यात त्यांना चर्चच्या मंडळीचे सचिव करून टाकलं. काम एवढंच की बाप्तिस्मे, लग्नं आणि मृत्यू रजिस्टरमध्ये सुवाच्य लिहायचे.

"प्रार्थना करायची असती तर जमलं असतं. डोळे मिटले की झालं," भिंगारदिवे म्हणतात. "हे नकलून काढायचं काम मला पहिल्यापासून जमत नाही."

ते नावं आधी चिठ्ठीवर लिहायचे, बहुधा तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. तीन-चार महिन्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा झाला आणि सुमोंनी दोनदा विचारलं की मग एका रविवारी बसून रजिस्टर पूर्ण करायचे. चर्चच्या कपाटाला वाळवी लागलेली असल्याने रजिस्टरं त्यांच्याच घरी, एका हिरव्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेली असत. तिच्या शेजारी दुसरी हिरवी ट्रंक होती, त्याच कारागिराने बनवलेली, त्याच मापाची. तिच्यात भिंगारदिव्यांची पदवी प्रमाणपत्रं, गुणपत्रिका आणि लग्नाचा अल्बम होता.

देशाच्या उत्तर भागात १९८९ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी बंडखोर शिरले. मे महिन्यात ते रस्त्याच्या पुढच्या वळणावर येऊन पोचले. मिशनची जीप दारात उभी राहिली आणि ड्रायव्हर म्हणाला, माणशी एक सामान. प्रतिमाताईंनी पर्स घेतली. भिंगारदिव्यांनी ट्रंक उचलली.

चार दिवसांनी शेजारच्या देशात, फ्रीटाउनच्या एका गेस्टहाउसमध्ये ती उघडली तेव्हा आत रजिस्टरं निघाली.

"आपलं लग्न कुठाय?" प्रतिमाताईंनी विचारलं.

"दुसऱ्या ट्रंकेत."

"आणि तुमची एम.एस्सी.?"

"तीही."

प्रतिमाताईंचं नर्सिंगचं सर्टिफिकेट त्यांच्या पर्समध्ये होतं. एकाने तरी डोकं वापरावं म्हणून, असं त्या अजूनही सांगतात. त्याच सर्टिफिकेटावर पुढच्या वर्षी दोघं न्यू जर्सीला आली. प्रतिमाताई एका रुग्णालयात आणि नंतर ट्रेंटनच्या एका वृद्ध शुश्रूषा केंद्रात तीस वर्षं नर्स होत्या. भिंगारदिव्यांनी प्रमाणपत्रांच्या दुसऱ्या प्रतींसाठी विद्यापीठाला पत्र लिहिलं. विद्यापीठाने उलट लिहिलं की मूळ प्रत हरवल्याचा स्थानिक पोलीस ठाण्याचा दाखला जोडावा. स्थानिक पोलीस ठाणं जळून गेलं होतं. तसं त्यांनी कळवलं. त्यावर उत्तर आलं की मग ते जळाल्याचा दाखला जोडावा. तिथे त्यांनी पत्रव्यवहार सोडला. एका औषध कंपनीच्या गोदामात बाटल्यांना लेबलं लावण्याची नोकरी मिळाली, ती सत्तावीस वर्षं केली. "विषय केमिस्ट्रीचाच होता," ते म्हणतात. "बाहेरून."

ट्रंक वेस्ट विंडसरच्या घराच्या गॅरेजमध्ये गेली. तिच्यावर बर्फ काढायचं फावडं आणि प्लॅस्टिकचं ख्रिसमस ट्री ठेवलेलं असे. ती टाकून द्यायचं धैर्य त्यांना झालं नाही, कारण आत चर्चचे कागद होते. उघडायचंही झालं नाही. पाप्यासारखं वाटायचं का, या प्रश्नावर ते मान हलवतात. "छे. राग यायचा. त्या ट्रंकेमुळे माझी पीएच.डी. हुकली असं मी एकतीस वर्षं धरून चाललो होतो. पीएच.डी. मला झेपली असती की नाही, हे तपासायची वेळ ट्रंकेने येऊ दिली नाही. तसे तिचे उपकारच आहेत."

सप्टेंबर २०२१ मध्ये प्रतिमाताईंनी शुश्रूषा केंद्रातल्या एका मदतनीस मुलीला रविवारी जेवायला बोलावलं. तिचं नाव यासा. वय एकतीस, आठ वर्षं अमेरिकेत, दोन पाळ्यांत काम, ट्रेंटनमधल्या लायबेरियन मंडळीच्या गायनवृंदात. तिच्यासमोर एक अडचण होती आणि ती तिने भात वाढून घेता घेता, हवापाण्याविषयी बोलावं तशी सांगितली.

अनेक वर्षं अमेरिकेत राहिलेल्या लायबेरियन लोकांना ग्रीन कार्डसाठी अर्ज करायची मुभा एका कायद्याने दिली होती. मुदत २० डिसेंबरला संपत होती. त्यासाठी आपण लायबेरियन आहोत हे सिद्ध करायला हवं होतं आणि यासाकडे पासपोर्ट शेजारच्या गिनी देशाचा होता. युद्धात वडील मारले गेले. आई कोर्तो तान्ह्या यासाला घेऊन सात आठवडे जंगलातून चालत गिनीच्या निर्वासित छावणीत पोचली. तिथे तिने पुन्हा लग्न केलं आणि मुलगी सावत्र वडिलांच्या कागदांवर चढली. जन्माचा दाखला कधी नव्हताच. वकील म्हणाल्या होत्या की बाप्तिस्म्याची नोंदही चालते. पण ते चर्च जळालं होतं.

"कुठलं चर्च?" प्रतिमाताईंनी विचारलं.

यासाने गावाचं नाव सांगितलं. भिंगारदिव्यांच्या हातातला चमचा वरणात तसाच राहिला.

पाच मिनिटांत फोनवर कोर्तो होती. ती २००५ साली गावी परतली होती. पडद्यावर भिंगारदिव्यांना बराच वेळ न्याहाळून ती म्हणाली, "टीचर जीत. तुम्ही जाड झालात. देव दयाळू आहे."

मग तिने हकिकत सांगितली. १९९० च्या ईस्टरला, १५ एप्रिलला, रेव्हरंड सुमोंनी अकरा तान्ह्या मुलांना एकाच वेळी बाप्तिस्मा दिला होता, कारण पुढचा रविवार मिळेल याची खात्री नव्हती. त्यात यासा होती. "तुम्ही पहिल्या बाकावर बसून लिहीत होता. मी डोळ्यांनी पाहिलं."

रजिस्टर गॅरेजमधल्या ट्रंकेत आहे, असं भिंगारदिव्यांनी सांगितलं आणि विचारलं, आता तिकडे कसं आहे.

चर्च पुन्हा उभं राहिलं होतं. प्रत्येक घराने नदीवरून वाळू वाहिली, पत्रे एकेक करून आले. पाळकाला पगार नाही, तांदूळ मिळतो, नवं पीक यायच्या आधीचे टंचाईचे महिने आले की तोही मिळत नाही. घंटा म्हणून ट्रकच्या चाकाची लोखंडी रिम टांगलेली आहे. ती वाजवणारा माणूस सोळा वर्षांचा असताना चर्च जाळणाऱ्या टोळीत होता.

"आणि तुम्ही त्याला घंटा दिली?"

"वेळेवर येतो," कोर्तो म्हणाली. "जे जाळायला आले नव्हते, ते उशिरा येतात."

जंगलातल्या सात आठवड्यांबद्दल ती फार बोलली नाही. आवाज ऐकून बंदुका येत, म्हणून प्रार्थना ओठ न हलवता करायची आणि गाणं मनात म्हणायचं, इतकंच सांगितलं. रडणाऱ्या मुलांचं काय करत, हे कुणी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी कोर्तोने गावात आणि यासाने ट्रेंटनमध्ये सांगून टाकलं की देवाने तिचं नाव एकतीस वर्षं एका भारतीय माणसाच्या गॅरेजमध्ये सुरक्षित ठेवलं होतं. दोन्ही मंडळ्यांनी आभाराची प्रार्थना केली. ट्रंक अजून उघडायची होती.

ती उघडली दुसऱ्या दिवशी सकाळी. कडी गंजली होती, पण रजिस्टर ठणठणीत. भिंगारदिव्यांनी शेवटचं लिहिलेलं पान काढलं. शेवटची नोंद होती २४ डिसेंबर १९८९ ची. त्यापुढे कोरी, रेघा आखलेली पानं.

जानेवारीपासूनच्या चिठ्ठ्या नकलायच्या राहून गेल्या होत्या. त्या चिठ्ठ्या टेबलाच्या खणात होत्या आणि टेबल घरासकट जळालं होतं.

पुढचे पाच दिवस त्यांनी यासाचे फोन घेतले नाहीत. शनिवारी दुपारी ते शाईचं पेन घेऊन गॅरेजमध्ये गेले. वर्तमानपत्राच्या कडेला सराव करून पाहिला. "अक्षर जसंच्या तसं," ते सांगतात. "एकतीस वर्षांत माझ्यात काडीची सुधारणा नाही, याचा लेखी पुरावा." शाई जुनी दिसावी म्हणून चहाचं पाणी वापरतात, हे कुठेतरी वाचलेलं आठवून त्यांनी कपही आणला होता. सनीव्हेलला राहणारी मुलगी अनया हिला त्यांनी सकाळी फोनवर आडून विचारलं होतं. ती म्हणाली होती, "बाबा, दॅट्स अ फेलनी, जेल होते. आय ॲम हँगिंग अप."

प्रतिमाताई फावडं शोधायला आल्यासारख्या आल्या. ऑक्टोबर सुरू होता, बर्फाचा पत्ता नव्हता.

"काय चाललंय?"

"काही नाही."

"चहाच्या कपात ब्रश कशाला?"

भिंगारदिव्यांनी ब्रश कपातून काढून ठेवला. मग म्हणाले, "बाप्तिस्मा झालाय ना? मी समोर होतो. खोटं काय आहे त्यात?"

"तारीख कुठली टाकताय?"

"ती झाली तीच. पंधरा एप्रिल."

"म्हणजे तुम्ही पंधरा एप्रिलला लिहिलं असं दिसणार."

"लिहायलाच हवं होतं तेव्हा."

"अहो, हवं होतं ते सगळं झालं असतं तर तुम्ही बाटल्यांना लेबलं लावली असतीत का?" प्रतिमाताईंनी उलटी बादली पुढे ओढली आणि तिच्यावर बसल्या. "वॉर्डात एखादी सकाळचं औषध चार्टवर लिहायचं विसरली आणि संध्याकाळी आठवलं तर काय करायचं, ठाऊक आहे? सकाळची वेळ घालून घुसडलं तर नोकरी जाते. आजची तारीख, आत्ताची वेळ, वर 'उशिराची नोंद' असं लिहायचं. काय झालं होतं ते लिहायचं. खाली सही."

"आणि उशीर का झाला ते?"

"तेही लिहायचं. ते लिहायची लाज वाटते म्हणूनच लोक मागची तारीख घालतात."

त्यांनी कप उचलला, चहा बाहेर ओतला आणि आत गेल्या.

यासाची वकील एका मोफत कायदा सल्ला संस्थेत होती. नीलांबरी तिचं नाव. जन्म न्यू जर्सीतल्याच एडिसन गावचा, आईवडील नागपूरचे. मंगळवारी भिंगारदिवे रजिस्टर उशीच्या अभ्र्यात गुंडाळून तिच्यासमोर बसले. शेजारी यासा होती. रजिस्टरात तिचं नाव नाही, हे त्यांनी तिला गाडीत सांगितलं होतं. त्यानंतर ती एक शब्द बोलली नव्हती.

"काका, लास्ट एंट्री चोवीस डिसेंबर," नीलांबरी पान पाहत म्हणाली.

"युद्ध सुरू झालं तो दिवस," भिंगारदिवे गंभीरपणे म्हणाले. हे वाक्य त्यांनी घरून तयार करून आणलं होतं.

"ते नॉर्थला सुरू झालं. तुमच्याकडे मे मध्ये आलं, हो ना? मग जानेवारी ते एप्रिल तुम्ही काय करत होता?"

भिंगारदिव्यांनी यासाकडे पाहिलं नाही. "फॉर्म भरत होतो."

"कसले?"

"ॲडमिशनचे. अमेरिकेतले. पीएच.डी.साठी. नऊ युनिव्हर्सिट्यांचे, एकेक करून पाठवत होतो."

"आणि रजिस्टर?"

"त्याच टेबलावर होतं. फॉर्मच्या खाली. मे महिन्यात तसंच ट्रंकेत ठेवलं."

"परफेक्ट," नीलांबरी म्हणाली आणि टाइप करू लागली.

"परफेक्ट काय त्यात?"

"खोटं बोलणारा माणूस यापेक्षा बरं कारण देतो, काका."

यासा पहिल्यांदा बोलली. "खालीच होतं? म्हणजे माझं नाव लिहायला फॉर्म नुसते उचलायचे होते?"

"हो."

"लिहा तसंच," ती नीलांबरीला म्हणाली. "फॉर्म उचलले नाहीत, असं लिहा."

तसंच लिहिलं गेलं. प्रतिज्ञापत्र तीन पानांचं झालं. चौथ्या परिच्छेदात भिंगारदिव्यांनी शपथेवर सांगितलं की हा विलंब युद्धामुळे झालेला नसून माझ्या आळसामुळे आणि स्वतःच्या प्रगतीच्या घाईमुळे झालेला आहे. नोटरीने सही घेण्यापूर्वी नियमाप्रमाणे विचारलं की आपण हे स्वखुशीने देताय ना. "खुशी नाही," ते म्हणाले, "पण स्वतःहून देतोय." रजिस्टरात कोर्तोने फोनवरून सांगितलेली अकरा मुलांची आणि त्यांच्या आईवडिलांची नावं त्यांनी लिहिली. प्रत्येक नोंदीवर उशिराची नोंद असा मथळा, तारीख ९ नोव्हेंबर २०२१, खाली सही. कोर्तोने राजधानी मोनरोव्हियाला जाऊन आपलं वेगळं प्रतिज्ञापत्र केलं. अर्ज ३ डिसेंबरला गेला.

इमिग्रेशन कार्यालयातली मुलाखत पुढच्या जूनमध्ये झाली. मूळ रजिस्टर दाखवायचं होतं आणि ते भिंगारदिव्यांच्या ताब्यात होतं, म्हणून अधिकारी बाईंनी त्यांनाही आत बोलावलं. यासा खुर्चीच्या कडेवर बसली होती. बाईंनी जुनी पानं चाळली, नवी पाहिली, मग प्रतिज्ञापत्र वाचलं. चौथ्या परिच्छेदाशी त्या थांबल्या.

"नऊ अर्ज?"

"हो."

"मिळाला प्रवेश?"

"आठ ठिकाणी नाही म्हणाले. नवव्याचं उत्तर यायच्या आत मी पळालो होतो."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी यासाला आणखी वीस मिनिटं प्रश्न विचारले, आईविषयी, छावणीविषयी, सावत्र वडिलांविषयी. निर्णय पोस्टाने कळेल, असं सांगितलं.

ऑगस्टच्या शेवटी कार्ड आलं.

लायबेरियन मंडळीत आनंदाची गोष्ट घडली की उपासनेत उभं राहून साक्ष द्यावी लागते. यासाने तीन मिनिटांत दिली आणि माइक भिंगारदिव्यांकडे सरकवला. अहमदनगरच्या चर्चमध्ये साक्ष म्हणजे खाली मान घालून दोन वाक्यं. त्यांना वाटलं, इथेही तसंच करावं. पण लोक देवाच्या अद्भुत योजनेबद्दल आमेन म्हणू लागले, तसे ते अस्वस्थ झाले. योजना वगैरे काही नव्हती, त्यांनी सांगितलं. मी माझी सर्टिफिकेटं वाचवत होतो, हाताला चुकीची ट्रंक लागली. लोक हसले. मग त्यांनी फॉर्मचं सांगितलं. लोक आणखी हसले. चहाच्या कपाचं सांगितलं तेव्हा पहिल्या रांगेतली एक आजी बाकावर हात आपटायला लागली. त्यामुळे त्यांना जोर चढला आणि ते विद्यापीठाच्या पत्रव्यवहारावर आले. तिथे मागून कुणीतरी गाणं उचललं, ढोल लागला, सगळे उभे राहिले.

भिंगारदिवे माइक धरून हसत उभे होते. प्रतिमाताईंनी त्यांचा कोट ओढला.

"बसा आता."

"अगं, माझ्यासाठी गातायत."

"तुम्ही बसावं म्हणून गातायत. साक्ष लांबली की असं करतात. यासाने मला आधीच सांगितलं होतं."

कुणीतरी त्या साक्षीचा व्हिडिओ काढला होता. तो पुढे पाठवला गेला, त्यातून पुढे, आणि ऑक्टोबरात मिनेसोटाहून एक फोन आला. बोलणाऱ्याचं नाव फ्लोमो. गोदामात ट्रक भरण्याचं काम करतो, म्हणाला. वय बत्तीस. त्या अकरांत आपणही असू असं त्याला वाटत होतं.

भिंगारदिव्यांनी रजिस्टर काढलं. सातवी नोंद त्याची होती. कोर्तोला विचारल्यावर कळलं की यासाखेरीज दहांपैकी तिघं त्याच वर्षी जंगलात वारली होती, तिघं गावात होती, चौघांचा पत्ता नव्हता. फ्लोमो त्या चौघांतला; तोही वारला असेल असं कोर्तो धरून चालली होती. नोंदी लिहिताना भिंगारदिव्यांनी तिला एकाही मुलाबद्दल, ते आता कुठे असेल, असं विचारलं नव्हतं.

मुदत संपून दहा महिने झाले होते. त्यांनी नीलांबरीला फोन केला. त्या कायद्याखाली आता काही होणार नाही, ती म्हणाली. दुसरा मार्ग आहे का पाहते, आशा दाखवू नका. त्यांनी फ्लोमोला परत फोन लावला आणि हे सगळं याच क्रमाने सांगितलं. ट्रंक तीस वर्षं माझ्या गॅरेजमध्ये होती आणि मी ती एकदाही उघडली नाही, हेही सांगितलं. या वेळी त्यात विनोद घातला नाही.

पलीकडचा गोदामाचा आवाज दूर गेला.

"टीचर, माझ्या आईचं नाव आहे त्यात?"

"आहे."

"फोटो पाठवाल? ती जंगलात गेली. तिचं नाव लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही."

"ते जुनं नाहीये," भिंगारदिवे म्हणाले. "मीच लिहिलंय, गेल्या वर्षी. कोर्तोने फोनवर सांगितलं तसं. स्पेलिंग चुकलंही असेल."

"चालेल," फ्लोमो म्हणाला.